जिवंत मालाचा पंचनामा

कोर्टात दावा जिंकणं आणि जिंकलेली वस्तू हातात पडणं ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर निकालाच्या संध्याकाळी मी सगळ्या गल्लीला चहा पाजला नसता. "तळमजल्याची खोली वादीच्या ताब्यात देण्यात यावी," असं न्यायाधीशांनी स्वच्छ आवाजात वाचलं होतं. वादी मीच होतो. मी घरी आलो आणि जिना चढता चढताच ओरडलो, "खोली मिळाली!"

बायको खिडकीत उभी होती. खाली बघत ती म्हणाली, "हे त्यांना कळवलंय का कुणी? ते नवीन टाकी उतरवून घेतायत."

ते म्हणजे फिशटँकवाले, आमचे भाडेकरू. तळमजल्याच्या त्या खोलीत जमिनीपासून डोक्यापर्यंत काचेच्या टाक्या, टाक्यांत रंगीत मासे आणि माशांना हवा पुरवणाऱ्या पंपांची अखंड बुडबुड. दवाखान्यात आपला नंबर येईपर्यंत आपण ज्या माशांकडे बघत बसतो, ते मासे ह्या खोलीतून जातात. फिशटँकवाले स्वतः काडीसारखे बारीक, आणि बोलणं इतकं हळू की कान पुढे करावा लागतो. मोठ्यानं बोललं की मासे बिचकतात म्हणे. अशा माणसाशी भांडण करून बघा. आपणच ओरडतो, आपणच ऐकतो आणि शेवटी आपणच सॉरी म्हणतो. खोली सोडायला त्यांनी कधीही नकार दिला नाही. "सोडतो की," असंच ते म्हणायचे. "नवीन जागेचं पाणी जरा बसू द्या." पाणी बसतं म्हणजे काय होतं, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

एरवी मीही पाणी बसू दिलं असतं. पण बाबा पडले.

बाबा म्हणजे माझे वडील. न्हाणीघरात पाय सरकला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण जिना नको. आमचा जिना मधेच असा काही वळतो की कपाट वर न्यायला आम्हाला ते करवतीनं मधोमध कापावं लागलं होतं. बाबांच्या बाबतीत हा मार्ग मोकळा नव्हता. आणि हॉस्पिटलला पलंग हवा होता. म्हणून मी गावाबाहेरचं एक शुश्रूषा केंद्र बघून आलो. स्वच्छ होतं, झाडंबिडं होती. बाबांनी सगळं वर्णन ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथून घरी परत आलेला कुणी भेटला का तुला?"

मी म्हणालो, "मी चौकशी नाही केली."

"कर," बाबा म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मला कुठंतरी नेऊन ठेवू नकोस रे. ठेवायची वस्तू झालोय का मी?"

तेव्हा खोली हवी होती, आणि लगेच हवी होती.

"डिक्री म्हणजे काय हो?" वकील म्हणाले. "तो झाला कोर्टाचा विचार. विचार अमलात आणायला बेलिफ लागतो. बेलिफ लावा."

नळ गळत असला की प्लंबर लावा, तशा सुरात ते म्हणाल्यामुळे मीही तशाच सुरात विचारलं, "चांगला बेलिफ कुठं मिळेल?"

वकिलांनी पुढच्या अशिलाला हाक मारली.

ह्याबाबतीत मला खरी माहिती दिली ती आमच्या शेजाऱ्यांनी. हे कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. खातं कुठलं हे ते सांगत नाहीत, पण इतर सगळ्या खात्यांबद्दल सांगतात, म्हणून गल्लीत त्यांना सर्वज्ञ म्हणतात. "बेलिफ आपण निवडायचा नसतो," सर्वज्ञ म्हणाले. "जावई तरी निवडता येतो. बेलिफ वाट्याला येतो. आधी कोर्टात दरखास्त द्यायची, की बाबांनो, तुम्ही दिलेला निकाल अमलात आणा. मग कब्जा वॉरंट निघतं. वॉरंट जातं नाझराकडे. नाझर ते बेलिफाला देतो. आणि एक लक्षात ठेवा, सूर्य मावळला की बेलिफाचा अधिकारही मावळतो. अंधारात त्याला कुणाच्या घरात शिरता येत नाही."

"मग काय होतं?"

"मग तो तुमच्यामाझ्यासारखा माणूस होतो."

नाझर म्हणजे कोर्टातला बेलिफांची कामं वाटून देणारा अधिकारी. आमचे नाझर एका खिडकीशेजारी बसायचे आणि पेनाचं टोपण काढलेलं असेल तेवढाच वेळ बोलायचे. त्यांनी वॉरंट वाचलं आणि टोपण काढलं. "कुलूप असलं तर कुलूप उघडणारा माणूस तुमचा. सामान काढायला हमाल तुमचे. दोन पंच तुमचे. बेलिफाला नेण्याआणण्याची गाडी तुमची."

"आणि तुमचं काय?" मी म्हणालो. महाविद्यालयीन शिक्षणाचा हा एक तोटा आहे, माणूस नको तिथे नेमका प्रश्न विचारतो.

"हुकूम आमचा," नाझर म्हणाले आणि त्यांनी टोपण लावलं.

बेलिफ पहिल्यांदा आले त्या दिवशी दाराला कुलूप होतं आणि मी कुलूपवाला आणला नव्हता. दुसऱ्यांदा कुलूपवाला होता, पण पंच म्हणून कबूल केलेल्या दोघांना ऐनवेळी लग्नाला जायचं निघालं, दोघांना वेगवेगळ्या. तिसरा दिवस उजाडला तो वॉरंटचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून कोर्टाला लांबलचक सुट्टी लागत होती. आज झालं तर झालं. नाही तर सुट्टी संपणार, नवी दरखास्त, नवं वॉरंट, आणि तोवर बाबा त्या झाडंबिडं असलेल्या ठिकाणी. हॉस्पिटलनं निक्षून सांगितलं होतं की आज पलंग मोकळा पाहिजे. मी त्यांना म्हणालो, संध्याकाळी पाठवा. शुश्रूषा केंद्राचा पत्ताही खिशात ठेवला होता. तो सारखा टोचत होता.

बेलिफसाहेब जेवणं उरकायच्या वेळेला आले. अंगानं भरभक्कम माणूस, गळ्यात ओळखपत्र, काखेत पिशवी, चेहऱ्यावर गुडघेदुखी. त्यांच्यामागोमाग वकिलांचा फोन आला.

"उरका लवकर," वकील हळू आवाजात म्हणाले. "तुमचा भाडेकरू इथं कोर्टात बसलाय. स्टे मागतोय. मासे हलवले तर मरतात म्हणतोय. न्यायाधीशांच्या घरी मासे आहेत अशी माझी माहिती आहे."

मी फोन खिशात टाकला आणि पंच गोळा करायला निघालो.

पंचांपैकी एक सर्वज्ञ. ते इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून तयारच होते. दुसरा पंच मिळेना. आमच्या गल्लीतली माणसं प्रेमळ आहेत, रक्त मागा, देतील, पण सही मागितली की सगळ्यांना दारं असतात आणि ती लागतात. शेवटी मी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये शिरलो. सलूनवाला म्हणाला, "साहेब, आलो असतो हो, पण गिऱ्हाईक खुर्चीत आहे." गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाली होती. उरलेल्या अर्ध्या तोंडावर साबण होता. ते आरशातूनच म्हणाले, "कसले मासे आहेत?"

"रंगीत."

"चला," ते म्हणाले आणि गळ्यातल्या कापडासकट उठले. अशा रीतीनं मला दुसरा पंच मिळाला.

बेलिफसाहेबांनी बंद दारापुढे उभं राहून मोठ्यानं पुकारा केला, की आत जो कोणी असेल त्याने कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे खोली रिकामी करून द्यावी. आत कुणीच नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. बेलिफसाहेबांनी तरीही उत्तराची वाट बघितली. एकदा पुकारून भागत नाही, पुन्हा पुन्हा पुकारावं लागतं. मी सूर्याकडे बघत होतो. तो समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकायला आला होता. मग कुलूपवाल्यानं कुलूप उघडलं.

आत सगळे दिवे लागलेले, सगळ्या टाक्या उजळलेल्या, आणि सगळे मासे एकदम काचेशी येऊन आमच्याकडे तोंडं उघडून बघायला लागले. भरल्या सभेत उशिरा शिरल्यासारखं वाटलं.

"आता हमालांना सांगतो, टाक्या बाहेर काढा," मी म्हणालो.

"थांबा," बेलिफसाहेब म्हणाले. "आधी पंचनामा. प्रत्येक वस्तूची नोंद होईल, मगच वस्तू हलेल." त्यांनी फिशटँकवाल्यांच्या खाटेवर बसून पिशवीतून कागद काढले. "लिहितो. काचेची टाकी, मोठी, एक. आत मासे. किती?"

आम्ही सगळे टाकीकडे बघायला लागलो.

"बरेच आहेत," मी म्हणालो.

"बरेच म्हणजे किती?"

"अंदाजे लिहा ना."

बेलिफसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "हा जिवंत माल आहे, साहेब. उद्या त्यातला एक मेला आणि तो माणूस म्हणाला बेलिफानं मारला, तर? माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. मी माशापायी चौकशीला उभा राहणार नाही. मोजा."

खुर्च्या मोजणं सोपं असतं, कारण आपण मोजत असताना खुर्ची दुसऱ्या खुर्चीमागे जाऊन लपत नाही. सर्वज्ञांनी डावीकडून मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्या दाढीच्या गृहस्थांनी उजवीकडून. मधोमध दोघांची गाठ पडली तेव्हा दोघांचे आकडे जुळेनात. सर्वज्ञ म्हणाले, तुमचे काही मासे माझ्याकडे येऊन गेले. गृहस्थ म्हणाले, अहो, मी मोजलेले मासे मला तोंडओळखीनं माहीत आहेत. एकमेकांवर अविश्वास दाखवत त्यांनी पुन्हा सुरुवात केली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टाकीत जरा गडबड झाली.

"अरेच्या!" सर्वज्ञ म्हणाले. "आत्ता इथं होता!"

"आहे ना," गृहस्थ म्हणाले. "पण त्या मोठ्याच्या आत."

बेलिफसाहेबांनी पेनाचं टोक कागदावर टेकवलं. "वजा करू," त्यांनी शेवटी विचारलं, "की एकात एक असं लिहू?"

मी उठून बाहेर बघितलं. सूर्य गच्चीवरच्या टाकीच्या खाली उतरला होता. फोन वाजला की मला स्टेच दिसत होता. आणि ह्याच वेळी फाटकाशी ॲम्ब्युलन्स थांबली.

हॉस्पिटलनं संध्याकाळ ह्या शब्दाचा स्वतःला सोयीचा अर्थ लावला होता. दोघा माणसांनी स्ट्रेचर खाली घेतलं. त्यावर बाबा, छातीवर औषधांची पिशवी, आणि चेहरा असा की ह्या सगळ्या व्यवस्थेशी आपला काही संबंध नाही.

"कुठं ठेवायचं?" त्यातला पुढचा म्हणाला. "पटकन सांगा, आम्हाला पुढचं बोलावणं आलंय."

"जरा इथंच थांबता का, अंगणात?" मी म्हणालो. "खोलीचा कब्जा व्हायचाय. अगदी थोडं राहिलंय."

तोवर बायको जिन्यावरून खाली आली होती. गल्लीतली जी दारं सहीच्या वेळी लागली होती, ती सगळी आता उघडली होती, आणि प्रत्येक दारात एकेक चेहरा होता. "अहो, म्हातारं माणूस उघड्यावर ठेवायचं?" बायको म्हणाली. "लोक काय म्हणतील? खोली उघडी आहे, खाट आहे. आत घ्या हो बाबांना!"

लोक काय म्हणतील, ह्या प्रश्नावर आमच्या घरात आजवर कधी चर्चा झालेली नाही. तो विचारला की विषय संपतो. स्ट्रेचर आत गेलं. बेलिफसाहेब कोपऱ्यातल्या टाकीमागे डोकं घालून बसले होते, त्यांची खाट मोकळी होती. बाबांना उचलून खाटेवर ठेवलं. स्ट्रेचर परत फिरवताना त्याचं चाक भिंतीलगतच्या वायरींत अडकलं, पुढच्यानं जोर लावला, फट्‌ असा आवाज झाला आणि सगळे दिवे गेले.

ॲम्ब्युलन्सवाले निघून गेले. खोलीत फारच शांतता वाटायला लागली. मग लक्षात आलं, बुडबुड थांबली होती.

बेलिफसाहेबांनी टाकीमागून डोकं वर काढलं. आधी त्यांनी दिव्यांकडे बघितलं, मग खाटेकडे.

"हे कोण?"

"माझे वडील."

"ह्यांना आत कुणी आणलं?"

"मीच. म्हणजे आम्ही. ह्यांच्यासाठीच तर खोली..."

"खोली अजून तुमची झालेली नाही," बेलिफसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खरोखर घाबरलेला वाटला. "कब्जा रिकामा द्यायचा असतो. हुकूम काय आहे? खोलीत जो कोणी असेल त्याला बाहेर काढून कब्जा द्यावा. आता खोलीत हे आहेत. ह्यांना बाहेर काढा."

मी खाटेजवळ गेलो. "बाबा, फक्त थोडा वेळ. आपण तुम्हाला उचलून अंगणात ठेवू, सही झाली की लगेच परत आत."

"नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, ही नुसती पद्धत आहे."

"सकाळी डॉक्टर म्हणाले पलंग रिकामा करा. केला. त्या गाडीवाल्यानं म्हटलं गाडी रिकामी करा. केली. आता तू म्हणतोस खाट रिकामी कर." बाबांनी औषधांची पिशवी उशाशी नीट ठेवली. "आज मला जो भेटतो तो रिकामं करायला सांगतो. मी कुठंही जाणार नाही."

"अहो आजोबा," बेलिफसाहेब म्हणाले, "कोर्टाचा हुकूम आहे."

"मला उचलायचा?"

"तुम्हालाच असं नाही. जो कोणी असेल त्याला."

"मग जो कोणी असेल त्याला शोधा," बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

बेलिफसाहेबांनी उसासा टाकला, पेन उचललं आणि लिहिता लिहिता ते मोठ्यानं वाचायला लागले. "कब्जा देतेवेळी हरकत घेण्यात आली. हरकतदाराचं वादीशी नातं..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वडीलच ना?"

"अहो, हे काय लिहिताय!"

"हरकत आली की नोंद करून वॉरंट परत पाठवायचं. मी अंगाला हात लावून म्हाताऱ्या पेशंटला उचलणार नाही. सूर्य मावळेपर्यंत वाट बघतो. तुमच्या वडिलांची समजूत तुम्ही घाला."

माझ्याच दाव्यात, माझ्याच खर्चानं बोलावलेल्या गाडीतून येऊन, माझेच वडील माझ्याविरुद्ध हरकतदार झाले होते. त्यांच्यासाठी मिळवलेली खोली त्यांच्यामुळेच हातची जाणार होती, आणि गेली की त्यांना तिथंच न्यावं लागणार होतं जिथं त्यांना जायचं नव्हतं. हे सगळं मी त्यांना समजावून सांगू शकलो असतो. पण आयुष्यात मी बाबांना समजावून सांगितलेली एकही गोष्ट मला आठवेना.

"अहो, हे बघा," बायको म्हणाली. ती टाकीपुढे वाकली होती. "हे वर येऊन तोंडं मारायला लागलेत."

हवा बंद झाल्यामुळे सगळ्या टाक्यांतले मासे पाण्याच्या वरच्या कडेला येऊन गुदमरल्यासारखे तोंडं उघडत होते. सर्वज्ञ म्हणाले, "आतला प्राणवायू संपत चालला. पाणी ढवळा. उंचावरून ओता." आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या सल्ल्याचा उपयोग होतोय असं मला वाटलं. वरून वायर सोडून बघितली, ती खिडकीच्या वर हातभर लोंबत राहिली. मग बायकोनं आमच्या घरातले सगळे मग, पातेली, भाताचे डाव खाली आणले. कुलूपवाला पाणी ढवळायला लागला, हमाल ढवळायला लागले, दारांतले चेहरे हळूहळू अंगणात आले आणि अंगणातून आत. मगानं पाणी उचलायचं, वरून धारेनं सोडायचं. मीही एका टाकीपुढे उभा राहिलो. ज्यांना घालवण्यासाठी मी कोर्टात इतका झगडलो, त्यांना मी आता डावानं वारा घालत होतो. बेलिफसाहेब तेवढे ढवळत नव्हते. ते मागच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा बघत होते. पट्टा मागच्या घराच्या भिंतीवर चढत चालला होता.

आणि दारात फिशटँकवाले येऊन उभे राहिले.

हातातले मग तसेच राहिले. मी फक्त त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होतो.

"पंप कधी बंद पडले?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच हळू, पण ओठ पांढरे पडले होते.

"आत्ताच, जरा वेळ झाला," बायको म्हणाली. "आम्ही ढवळतोय."

"काही हुकूम आणलाय का?" बेलिफसाहेबांनी विचारलं.

"नाही," फिशटँकवाले म्हणाले. "न्यायाधीश म्हणाले, सुट्टीनंतर या." ते टाक्यांवरून नजर फिरवत होते. "ढवळून पुरायचं नाही. ह्यांना पंप पाहिजे. वर लाइट आहे ना? सगळं वर न्या. आत्ताच्या आत्ता वर न्या!" शेवटचे शब्द ते ओरडून बोलले. एवढ्या वर्षांत त्यांचा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मासे अजिबात बिचकले नाहीत.

"पंचनामा पुरा झाल्याशिवाय आणि कब्जा झाल्याशिवाय काही हलणार नाही," बेलिफसाहेब म्हणाले.

"मग करा ना कब्जा! आकडे मी सांगतो, लिहून घ्या. सही करतो. खोली सोडली, लेखी देतो. अडलंय कुठं?"

बेलिफसाहेबांनी पेनानं खाटेकडे दाखवलं.

मी अनेक भाडेकरूंच्या गोष्टी ऐकल्या आहेत, पण कब्जा लवकर घ्या म्हणून घरमालकाच्या वडिलांची विनवणी करणारा भाडेकरू मी तरी पहिल्यांदाच बघत होतो. फिशटँकवाले खाटेशी उकिडवे बसले.

"काका."

बाबांनी एक डोळा उघडला. "तुम्हीही रिकामं करा म्हणायला आलात?"

"नाही. तुम्ही पडा. फक्त एवढंच सांगतो, तुमच्या डोक्यामागं ती मोठी टाकी आहे ना, तिच्यात तो काळा मोठा आहे. तो भित्रा आहे. अंगानं मोठा आहे म्हणून कुणाला वाटत नाही. माणूस इतकं जवळ असलं की तो कोपऱ्यातून वर येत नाही. बाकीचे वर येऊन श्वास घेतायत. तो तुम्हाला घाबरून खालीच बसलाय."

बाबांनी मोठ्या कष्टानं मान वळवली. टाकीच्या तळाशी, कोपऱ्यात, तो काळा मासा कल्ले हलवत बसला होता. दोघंही एकमेकांकडे जरा वेळ बघत राहिले.

"हा मरेल का?" बाबांनी विचारलं.

"असाच बसून राहिला तर मरेल."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" बाबा माझ्यावर ओरडले. "तेव्हापासून कोर्ट कोर्ट काय लावलंयस! उचला मला!"

खाटेसकट उचललं. पुढे हमाल, मागे मी आणि अर्ध्या दाढीचे गृहस्थ, त्यांच्या गळ्यातलं कापड बाबांच्या पायांवर लोळतंय, अशा थाटात माझे वडील कोर्टाच्या हुकुमानं खोलीबाहेर काढले गेले. आत फिशटँकवाले न बघता आकडे सांगत होते आणि बेलिफसाहेब घाम पुसत लिहीत होते. मग त्यांनी विचारलं, "जिवंत माल कुणाच्या ताब्यात राहणार? रस्त्यावर ठेवता येणार नाही. कुणीतरी जबाबदारी घेऊन सही करायला पाहिजे."

ऊन मागच्या घराच्या भिंतीच्या वरच्या कडेला पोचलं होतं. त्यांनी कागद पुढे केला आणि मी न वाचता सही केली. मी पदवीधर आहे, हे इथं पुन्हा नमूद करतो.

त्यानंतर गल्लीतल्या सगळ्यांनी जिन्यावर रांग केली आणि टाक्या हातोहात वर चढल्या. कपाट ज्या वळणावर अडलं होतं तिथून त्या काळ्याची टाकी, आतल्या काळ्यासकट, अलगद वळली. फिशटँकवाले पायरीपायरीला "सावकाश, सावकाश" म्हणत होते. वर बुडबुड सुरू झाली तेव्हा खाली टाळ्या पडल्या. रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहून बेलिफसाहेबांनी मला विचारलं, "खोली रिकामी मिळाली?" मी म्हणालो, "मिळाली." त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. भिंतीवरचं ऊन गेलं. आणि बेलिफसाहेब खरोखरच आपल्यासारखे माणूस झाले. पहिल्या पायरीवर बसून त्यांनी गुडघा चोळला आणि म्हणाले, "आता कुणी चहा दिला तर घेईन."

मग आम्ही बाबांना आत घेतलं. ओल्या फरशीवरून भिंतींकडे बघत ते म्हणाले, "सुनं सुनं वाटतंय."

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. बाबांना खोली मिळाली, कुठंही जावं लागलं नाही, आता ते काठी घेऊन दारापर्यंत येतात. पण टाक्या वर आहेत. हॉलमध्ये आहेत, झोपायच्या खोलीत आहेत, एक स्वयंपाकघराच्या ओट्यावर आहे. आम्ही चालतो ते आडवे होऊन. नव्या जागेचं पाणी अजून बसतंय. फिशटँकवाले रोज येतात, माशांना खाऊ घालतात, आणि जाताना खाली बाबांपाशी बसतात. दोघं हळू आवाजात बोलतात. काय बोलतात ते मला ऐकू येत नाही, कारण माझ्या कानात बुडबुड असते. माझ्याच घरातून टाक्या हलवायच्या तर कोर्टाची परवानगी लागेल, असं वकील म्हणाले. मी सही केलेल्या कागदात तसं लिहिलंय म्हणे.

सुट्टी संपल्यावर मी कोर्टात निघालो. बाबांनी खाटेवरून हाक मारली. "कुठं निघालास?"

"जरा काम आहे."

"त्या काळ्याला हलवलंस तर याद राख. आत्ता कुठं तो माणसाळलाय."

नाझरांनी मला लगेच ओळखलं. पेनाचं टोपण काढून ते म्हणाले, "या. आता कुणाची खोली रिकामी करून हवी?"

"माझीच," मी म्हणालो.

त्यांनी वही पुढे ओढली. "हरकत कुणाची येईल?"

"वडिलांची."

नाझरांनी टोपण लावलं.